दोन वाव नवार

साखळीला समुद्र नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. गोवा म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, आमच्या मागच्या दारी लाटा येतात आणि आम्ही त्यांत पाय सोडून काजू खात बसतो. माझ्या मागच्या दारी केळी आहेत. पणजी तीस-पस्तीस किलोमीटरवर, आणि खरा दर्या त्याच्याही पलीकडे. आमच्या वाट्याला आली ती वाळवंटी नदी. उन्हाळ्यात ती इतकी समंजस असते की म्हशीला पूर्ण भिजायचं तर कूस बदलावी लागते. पावसाळ्यात मात्र वर घाटात धो धो पाऊस आणि खाली मांडवीला भरती अशी गाठ पडली की तिचं पाणी बाजाराच्या पायरीपर्यंत येऊन भाजीचा भाव विचारून जातं. ते परत लोटायला पंप बसवले आहेत. समुद्राशी आमचं नातं एवढंच, की तो कधीमधी आमच्या नदीची वाट अडवतो. बाकी तालुक्यातलं सगळ्यात खोल पाणी खाणींच्या खड्ड्यांत आहे आणि तिथं उतरायला आम्हांला कुणी सांगितलेलं नाही.

अशा गावात गेल्या जून महिन्यात मला मालवणहून भाच्याचा फोन आला. तो तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना समुद्रात बुडवून वर काढायचं काम करतो. ह्यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं, असं माझ्या बहिणीचं मत आहे. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो, तेव्हा ही मंडळी घरी बसून आपापली आयुधं दुरुस्त करतात.

"मामा, तुमच्या बाजारात पट्टी मिळते का बघशील? दोन इंची, नायलॉनची, काळी, कडक. बारा फूट. पाठीवरच्या हार्नेसला घालायचीय."

"मालवणात मिळत नाही?"

"मिळाली ती मऊ. एक ऑनलाइन मागवली, ती भलतीच निघाली. आणि तू स्टोअरात होतास ना? तुला कळतं त्यातलं."

शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम टाकलं होतं, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. तोवर मी पिशवी शोधायला लागलो होतो.

मी एका खाणीच्या स्टोअरात पंचवीसेक वर्षं काढली. ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं गोव्यातल्या खाणी थांबल्या, मग रडतखडत सुरू झाल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा मी कायमचा घरी आलो. घरी येताना लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. मी सवय आणली. बायको डब्यातून साखर काढायला लागली की 'किती काढली?' असं माझ्या तोंडून अजून जातं. पट्ट्यांच्या बाबतीत तर माझा अहंकार पहिल्यापासूनच भक्कम. अवजड यंत्र उचलायचे पॉलिएस्टरचे पट्टे असतात, त्यांना स्लिंग म्हणतात, आणि त्यांच्या रंगावरून वजन ठरलेलं असतं: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, तांबडा पाच. हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. मी लगेच उलट फोन लावला आणि भाच्याला म्हटलं, "तू जांभळा स्लिंग घे. एक टन धरतो. हात झटकून मोकळा हो."

पलीकडे जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, "मामा, मला पाण्याखाली ट्रक न्यायचा नाहीय."

साखळीचा बाजार सोमवारी भरतो. जूनमधला बाजार म्हणजे डोक्यावर निळं प्लास्टिक, पायाखाली तांबडा चिखल आणि मध्ये सुके बांगडे. मी छत्री सांभाळत पहिल्यांदा गेलो हार्डवेअरच्या दुकानात. मालक माझ्या बरोबरीचा, खाणीच्या काळात आमच्याकडे टेंडर भरायचा, त्यामुळे आदर बराचसा उरलेला.

"कितें जाय?"

"पट्टो. दोन इंची. नायलॉनाचो."

"कित्याक?"

इथं मी चुकलो. वस्तू कशाला हवी हे साखळीच्या बाजारात कधीही खरं सांगू नये. सांगितलं की दुकानदार ती वस्तू विकायचं सोडून आपल्याला सुधारायला लागतो. पण मी सरळपणे म्हटलं, "दर्यांत बुडी मारपाक."

त्यानं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. पोट पाहिलं, छत्री पाहिली. मग शांतपणे म्हणाला, "बुडपाक पट्टो कित्याक? फातर पुरो."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तीन हसली. चौथा माझ्या ओळखीचा होता, तो घरी जाऊन हसला.

(आता हे वाचून तुम्हीही हसला असाल तर एक सांगतो. पुढे भाच्याकडून कळलं की बुडी मारणाऱ्यांना खरोखरच कमरेला वजन बांधावं लागतं. त्यांचा रबरी पोशाख त्यांना तरंगवत ठेवतो, म्हणून चार-सहा किलो शिसं पट्ट्यात ओवून कमरेला बांधायचं, तेव्हा कुठं माणूस खाली जातो. म्हणजे हार्डवेअरवाल्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त फातर पुरत नाही, तो बांधायला पट्टो लागतोच.)

तिथून मी ताडपत्रीवाल्याकडे गेलो. त्यानं ट्रकवरचा माल आवळायचा पिवळा पट्टा दाखवला आणि एकच गोष्ट सांगितली: "पाच टन." मग कुशनवाला. त्यानं भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट काढला, दोन्ही हातांत धरून ताडकन ओढला आणि म्हणाला, "गाडी उलटली तरी तुटणार नाही." पिशव्यांच्या चेनी बदलणाऱ्यानं शाळेच्या दप्तराचा चकचकीत पट्टा मोजायला घेतलासुद्धा. "हा नायलॉनच ना?" असं विचारल्यावर तो दुखावला. आमच्या बाजारात सुती नसलेलं सगळंच नायलॉन असतं.

आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, स्वतःहून एकच सांगत होता: हा एवढं वजन धरतो. मीही तेच विचारत होतो. पंचवीस वर्षं मी दुसरं काही विचारलंच नव्हतं.

शेवटचा होता जुन्या लाकडी सामानाचा दुकानदार. त्यानं कोपऱ्यातून एक गुंडाळी ओढून काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली. सुती नवार! मी क्षणभर कशाला आलो होतो तेच विसरलो. स्लिंग, बेल्ट, स्ट्रॅप ही सगळी अलीकडची नावं. सपाट विणलेल्या रुंद पट्टीला मराठीत फार पूर्वीपासून रुळलेला शब्द, नवार. आमच्या घरी नवारीचा पलंग होता. आजोबा त्यावर झोपत. नवार दर पावसाळ्यात सैल पडे, आजोबा रोज थोडे थोडे खाली जात आणि श्रावणापर्यंत त्यांची पाठ जमिनीला टेके. मग एका रविवारी वडील आणि काका पलंग आडवा करून नवार पुन्हा ताणत, एक जण पाय लावून ओढी, दुसरा 'अजून, अजून' म्हणे, आणि संध्याकाळी आजोबा पुन्हा सगळ्यांच्या उंचीला येत. सुती पट्टी भिजली की काय करते ह्याचं शिक्षण मला तिथं मिळालं. समुद्रात तर ती मीठ पिऊन फुगेल, वाळल्यावर खरखरीत होईल आणि एक दिवस कुजून जाईल. नवार मी परत ठेवली. शब्द मात्र घेऊन आलो.

घरी आलो तेव्हा पिशवीत वीत-वीत लांबीचे पाच तुकडे होते. वेड्याच्या हातात नारळ द्यावा तसे ते दुकानदारांनी मला फुकट दिले होते.

भाचा फोनवर म्हणाला, "पहिल्यांदा बादलीत टाक. तरंगला तर फेकून दे."

ही परीक्षा मला फार आवडली. दप्तराचा पट्टा जो तरंगला तो मिरामारच्या किनाऱ्यावर सहलीला आल्यासारखा. तो पॉलिप्रॉपिलीनचा. ह्या धाग्याची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.९१च्या आसपास, नायलॉनची १.१४, पॉलिएस्टरची १.३८. तरंगणारी पट्टी पाण्याखाली सारखी वर उचलते, सुटं टोक तोंडासमोर साप नाचल्यासारखं नाचतं. शिवाय पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर सडतो. आपली नेहमीची इच्छा, जे हातात आहे ते बुडू नये. इथं बुडेल तेच आपलं.

उरले बुडणारे. त्यांतला नायलॉन कुठला आणि पॉलिएस्टर कुठला, हे बादली सांगत नाही. ते आग सांगते. म्हणून मी तुकडे घेऊन स्वयंपाकघरात शिरलो.

लहानपणापासून ऐकत आलो, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ही म्हण ज्यानं केली त्यानं काथ्याचा सुंभ पाहिला होता, नायलॉन पाहिला नव्हता. नायलॉनला ज्योत दाखवली की तो आधी मागे सरकतो, मग वितळतो, मग थेंब थेंब गळतो, आणि गार झाल्यावर टोकाला एक टणक मणी उरतो. पीळ, अहंकार, विणकाम, काही शिल्लक राहत नाही. माणसांतही हा प्रकार अलीकडे वाढला आहे, पण तो विषय वेगळा. पॉलिएस्टर जळताना काळा धूर काढतो आणि वास काहीसा गोडसर. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीचा वास. आणि नायलॉनला, असं माहीतगार लोक लिहितात, सेलरीचा.

साखळीत सेलरी कुणी पाहिली आहे? मी बायकोला विचारलं. ती नाकाला पदर लावून दारात उभी होती. म्हणाली, "सेलरी माहीत नाही. पण हा वास घराला लागला तर तुमचं जेवण बाहेर ओट्यावर." शेवटी पुस्तकात सापडलं, सेलरी म्हणजे अजमोद्याच्या कुळातली भाजी. अजमोदा आमच्या सासूबाईंच्या औषधाच्या डब्यात होता. तो हुंगला, पट्टी हुंगली, पुन्हा अजमोदा हुंगला. शेवटी दोन्हींना अजमोद्याचाच वास यायला लागला.

तसा नायलॉन आमच्या घरात नवा नव्हे. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सनं तो १९३५मध्ये पहिल्यांदा तयार केला, १९४०मध्ये त्याचे पायमोजे विक्रीला आले आणि बायकांनी दुकानांपुढं रांगा लावल्या. मग युद्ध आलं आणि पायमोज्यांचा धागा पॅराशूटकडे गेला. आमच्याकडे तो पोर्तुगीज अमदानीत परदेशी मालाबरोबर आला. नायलॉनची साडी सीमेपलीकडच्या नातेवाइकांना तेव्हा एवढी हवीहवीशी वाटे की गोव्यातून सावंतवाडी-बेळगावकडे जाणाऱ्या बायका अंगानं भरलेल्या दिसत. आईची एक होती, आकाशी. धुतली की वाऱ्यावर पाच मिनिटांत वाळे. विणकामाच्या दृष्टीनं तीच पट्टी, फक्त जरा रुंद.

आता मुद्द्यावर येतो, कारण मी मुद्द्यावर आलो तेव्हा फार उशीर झाला होता. बऱ्यापैकी दोन इंची नायलॉन पट्टी दीड-दोन टनांचा ताण सोसते. आणि बुडी मारणाऱ्याच्या पाठीवर असतं काय? ॲल्युमिनियमचा बाटला चौदा किलोंच्या आसपास, तो ज्यावर बसवायचा ती पोलादी पाट अडीच-तीन किलो, वर किरकोळ. वीस किलो धरा. पाण्यात गेल्यावर तेही जाणवत नाही. वीस किलोंसाठी अख्खा बाजार मला टनांत उत्तरं देत होता. पुरासमोर छत्री कितीची घ्यावी ह्यावर वाद घालावा तसं ते झालं, फक्त उलट्या बाजूनं.

हे मला समजावलं एका बाईनं, आणि तिनं समुद्र पाहिला असेल-नसेल.

दुसऱ्या सोमवारी मी शेवटची फेरी म्हणून गेलो. बाजाराच्या टोकाला एक बाई दावी, कासरे, वेसणी, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा घेऊन बसते. तिच्या मागच्या खुंटीला काळ्या पट्टीची जाड गुंडाळी लटकत होती. गुरांच्या गळ्यात बांधतात ती. मी हात लावून पाहिला. कडक. काठ घट्ट विणलेले. दुमडली तर स्वतःहून सरळ होत होती. तुकडा मागून घेतला. तो नंतर घरी बादलीत बुडाला आणि ज्योतीवर मणी होऊन गळला, अजमोद्यासकट.

तिनं मला पहिलाच प्रश्न असा विचारला जो त्या बाजारात कुणीही विचारला नव्हता.

"गळ्याक काय पोटाक?"

मी म्हटलं, कमरेला, आणि खांद्यांवरूनही. तिनं मनातल्या मनात ती म्हैस उभी केली असावी, कारण तिचा चेहरा गंभीर झाला. मग मी सवयीनं विचारलं, किती वजन धरेल? तेव्हा ती म्हणाली, "पट्टो तुटना, भाऊ. म्हस निसटता."

मी तिथंच उभा राहिलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब एका वाक्यात चुकता झाला होता. पट्टा तुटत नाही, सुटतो. सीटबेल्ट तुटणार नाही हे कुशनवाल्याचं खरंच होतं; पण तो पातळ आणि गुळगुळीत, कारण तो गाडीतल्या चक्रावरून सरसर फिरावा म्हणूनच विणलेला असतो. तो तीन फटींच्या कड्यात ओवला की धरून राहत नाही, हळूहळू सरकतो. दप्तराची मऊ पट्टी खांद्यावर वळून दोरीसारखी होते आणि रुतते. कडक पट्टी आपली जागा सोडत नाही, कडी लावली तिथंच राहते, आणि मुख्य म्हणजे पाण्याखाली, मागे न बघता, एका हातानं चाचपडलं तर ती तिथंच सापडते. बुडी मारणाऱ्याला हेच लागतं. म्हशीच्या मालकालाही हेच लागतं. वजनाचा प्रश्न दोघांनाही कधी पडत नाही.

बाईनं पट्टी मोजायला घेतली. मी मीटर म्हणालो, ती वाव म्हणाली. दोन्ही हात फैलावून ह्या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत जी लांबी ती एक वाव. दोरी वावांत मोजत, विहीर वावांत मोजत, आणि खलाशी समुद्राची खोलीही वावांतच मोजत. इंग्रजांचा फॅदम तो हाच, बरोबर सहा फूट. म्हणजे भाच्याला हव्या असलेल्या बारा फुटांच्या दोन वावा अगदी नेमक्या झाल्या असत्या. पण बाई साडेचार फुटांची होती. तिच्या दोन वावा मी मनात मोजल्या आणि माझा चेहरा पडला. तिनं तो पाहिला, आणखी अर्धी वाव मोजली, वर हातभर घातली, आणि म्हणाली, माझे हात आखूड, त्यात तुझं नुकसान कशाला.

आता वाचकांना वाटेल, बारा फूट कशाला? सांगतो, ह्यात गंमत आहे. पूर्वी ह्या हार्नेसला चार-पाच तुकडे, शिलाई, ठिकठिकाणी प्लास्टिकच्या बकला असं असे. फ्लोरिडात पाण्याखालच्या गुहांमध्ये शिरणारी माणसं आहेत. त्यांतल्या विल्यम होगार्थ मेन नावाच्या गृहस्थाच्या नावानं एक पद्धत प्रसिद्ध आहे: लागेल तेवढंच घ्यायचं, नको ते काढून टाकायचं. त्या पद्धतीचं हार्नेस म्हणजे एकच सलग पट्टी. शिलाई नाही, तुकडा नाही. पोलादी पाटेच्या फटींतून ती वर निघते, खांद्यावरून काखेखाली येते, पुन्हा पाटेत शिरते, कमरेला येते आणि एका बकलेत संपते. जोड जितके कमी तितकं सुटायला कमी. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे साडीसारखंच की. एकच वस्त्र, कात्री नाही, टाका नाही." तिचा मुद्दा मी नोंदवून ठेवतो.

आणि एवढं करून पाट पाठीवर वर सरकते, डोक्याला लागते. मग तिला खाली धरून ठेवायला आणखी एक पट्टी लागते. ती मागून, पायांमधून, पुढे आणून कमरेच्या पट्ट्यात अडकवायची. म्हणजे काष्टी! आमचे शेतकरी, रापणकर, नारळ काढणारे पाडेली हजार वर्षं जी नेसत आले आणि आम्ही विजार घालायला शिकल्यावर जिला हसलो, ती शेवटी फ्लोरिडाच्या गुहांतून परत आली. पोलादी कडी लावून.

जुलैत भाचा पाट आणि बाटला घेऊन साखळीला आला. पट्टी पाहिली, वाकवली, नखानं काठ खरवडला आणि म्हणाला, "मस्त! कुठं मिळाली?" मी म्हटलं, एका खास पुरवठादाराकडे. म्हशीचा उल्लेख त्या वेळी तरी केला नाही.

मापं घ्यायला अंग हवं होतं. त्याचं स्वतःचं अंग पट्टी ओवण्यात गुंतलेलं. म्हणून मला व्हरांड्यात उभं केलं. बाहेर पाऊस, आत मी: बनियन, त्यावर पोलादी पाट, छातीवर दोन काळे पट्टे, कमरेला बकल आणि खाली ती काष्टी. खांद्याच्या पट्ट्याखाली मूठ गेली पाहिजे, फार आवळला तर हात बाहेर काढता येत नाही, असं सांगत तो मला फिरवत होता. कमरेचा पट्टा मात्र गच्च, कारण खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानं रबरी पोशाख चेपतो आणि वर आवळलेला पट्टा खाली सैल होतो. बकल उजव्या हातानं उघडेल अशीच, म्हणजे अडचणीत दुसऱ्यालाही ती न शोधता सापडते. तेवढ्यात शेजारच्या काकी डबा परत द्यायला आल्या. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, डबा पायरीवर ठेवला आणि एक शब्द न बोलता गेल्या. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी होती की मला मणक्याचा पट्टा लागला.

बाटल्याबद्दल तर काय सांगावं. पत्नीनं भीत भीत विचारलं, एवढा ऑक्सिजन पाठीवर घेऊन ही पोरं स्वयंपाकघरात कशाला येतात? भाचा म्हणाला, "मामी, ऑक्सिजन नाही गं. हवाच. दाबून भरलेली." अकरा लिटरांच्या बाटल्यात दोनशे पट दाबानं बावीसशे लिटर हवा बसते. हवेलाही वजन असतं. त्या हवेचं अडीच किलोंहून जास्त भरतं. आपल्या घरगुती गॅसच्या बाटल्यात १४.२ किलो गॅस असतो, हा रिकामाच तेवढा. मामीला हिशेब पटला, पण एक शंका राहिली. "हवा ती हवाच ना? मग ती कुठं मिळत नाही म्हणून पाठीवर?" भाच्यानं उत्तर दिलं नाही. पाण्याखाली, असं तो म्हणाला असता तर तिनं विचारलं असतं, मग जाताच कशाला. आणि ह्या प्रश्नाला अजून कुणाकडेही उत्तर नाही.

नाही म्हणायला गोव्यात आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पुरातत्त्वज्ञ असेच पट्टे बांधून मुरगावजवळच्या सुंची रीफवर उतरले आणि सतराव्या शतकात बुडालेल्या पोर्तुगीज जहाजातले हस्तिदंत आणि पाणघोड्यांचे दात वर घेऊन आले. मी हे बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, दात घेऊन काय करणार?

पट्टी कापायची वेळ आली तेव्हा कात्री चालत नाही. कात्रीनं कापलं की टोक उसवतं, मग ते फटीत शिरत नाही. तापवलेल्या पात्यानं कापायचं, म्हणजे काठ वितळून बंद होतात. घरात त्या जातीची एकच वस्तू होती, सपाट, लांब दांड्याची, गॅसवर तापवता येणारी. ते उलथणं होतं. त्यावर चार ठिकाणी काळा नायलॉन चिकटला तो आजतागायत निघालेला नाही. त्या दिवशी घावन ओट्यावर बसून खाल्ले.

ऑक्टोबरात समुद्र उघडला. पहिल्याच दिवशी भाच्याचा फोन आला. माझं काळीज हललं. पट्टी?

"पट्टी झकास, मामा. पण बाटला निसटला."

झालं असं की बाटला पाटेला आवळायचे दोन वेगळे पट्टे असतात, बकलेचे, तेही नायलॉनचेच. नायलॉन पाणी पितो आणि प्यायला की किंचित ताणतो. म्हणून ते पट्टे आधी पाण्यात बुचकळायचे आणि मग आवळायचे. ह्यानं घाईत कोरडेच आवळले. पाण्यात शिरून दहा मिनिटं झाली आणि बाटला सरकत सरकत खाली निघाला, तोंडातली नळी वर ओढली जायला लागली. सोबत्यानं पाहिलं, मागून धरला, दोघं वर आले. काही झालं नाही. "शिकवतो मी दुसऱ्यांना, मामा, हे रोज शिकवतो," तो म्हणाला. मी आजोबांच्या पलंगाबद्दल सांगणार होतो, पण गप्प बसलो. त्याऐवजी त्याला म्हशीचं सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, त्याच्या तीन मित्रांनाही तीच पट्टी हवी आहे, प्रत्येकी दोन वाव. पण बाईच्या वावा नकोत, खऱ्या.

पुढच्या सोमवारी मी बाजारात गेलो. बाईकडून पट्टी घेतली, ह्या वेळी माझ्या वावांनी. मग उलथणं घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. त्यानं मला पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला.

"आतां हें कित्याक? दर्यांत वचून बांगडे भाजपाक?"

मी मुकाट्यानं साठ रुपये दिले आणि छत्री उघडली.